अंगण वाकडंच होतं

३ मार्च

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, आणि आईला काही सांगायला गेलं की ती म्हणते, तुम्हा दोघांचे निरोप पोचवायची नोकरी मी धरलेली नाही. मग राहिलं पोस्ट. तुझा पत्ता तिच्या वहीतून गुपचूप उतरवून घेतला, तेवढं तिला कळू देऊ नकोस.

कामाचं बोलतो. दुकानाची मागची खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे. मालक थकले, हल्ली येत नाहीत. सगळं त्यांचे जावई बघतात, आणि त्यांना दुरुस्तीत काडीचा रस नाही. बिघडलं तर नवीन घ्या, असं ते गिऱ्हाइकाला माझ्यादेखत सांगतात आणि मी हातात पेचकस धरून उभा असतो. त्या खोलीत आपला डबा आहे. स्टुडिओने मोडीत काढलेला तो वीस इंची काचेचा मॉनिटर, जो आपण दोघांनी हातगाडीवर घालून घरी आणला होता आणि ज्याच्यापुढे बसून तू दहावीचं वर्ष जवळपास घालवलंस, तो. तू घर सोडून गेल्यावर त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी तो दुकानात नेऊन ठेवला. एकतीस तारखेला भंगारवाला येणार आहे. तुझी वहिनी म्हणते, हे धूड घरात आलं तर मी बाहेर. ती असल्या गोष्टींत थट्टा करत नाही.

तुला डबा हवा असेल तर कळव. नको असेल तरी कळव.

आणखी एक. गेल्या आठवड्यात सहज एक प्रयोग केला. गेमच्या यंत्राची एकच वायर फोडून दोन केल्या. एक डब्याला लावली, दुसरी त्या सपाट टीव्हीला. हो, तोच टीव्ही, स्पर्धेतला. तोही मागच्या खोलीतच धूळ खात पडलाय. दोन्हींवर एकच घड्याळ चालू केलं आणि मोबाइलने दोघांचा मिळून एक फोटो काढला. डब्यावर चौदा पूर्णांक बत्तीस, टीव्हीवर चौदा पूर्णांक एकवीस. वाटलं फोटोत काही गडबड असेल. आणखी नऊ काढले. एखाद्या आकड्याचा फरक इकडेतिकडे, बाकी तेच.

म्हणजे सेकंदाच्या शंभर भागांतले अकरा भाग तो टीव्ही मागे होता. काचेच्या डब्याचं बरं असतं, सिग्नल आला की चित्र पडद्यावर. हा सपाट टीव्ही चित्र आधी आत घेतो, त्याला घासतो, पुसतो, पावडर लावतो आणि मग बाहेर आणतो. तुझ्या त्या पलटवाराला गेममध्ये किती वेळ मिळायचा, आठवतंय? सेकंदाचे साठ तुकडे केले तर समोरच्याने ठोसा उगारल्यापासून त्यातले सहा. टीव्ही जवळजवळ सात तुकडे मागे. तुला ठोसा दिसेपर्यंत तो बसूनही गेलेला असायचा.

तेव्हा त्या फायनलला जे झालं, त्यात सगळी चूक तुझीच होती असं म्हणता येणार नाही. मला हे आत्ताच कळलं. कळल्याबरोबर लिहितोय.

दादा

११ मार्च

बारक्या,

आठ दिवस झाले. पोस्टमन रोज समोरच्या औषधांच्या दुकानापर्यंत येतो आणि तिथूनच वळतो. तू इतका कसा रे आडमुठा? मी म्हणतोय ना, सगळी चूक तुझी नव्हती. माणसाने आणखी किती खाली वाकायचं?

वाकण्यावरून आठवलं, माझी कंबर धरली आहे. डबा एकट्याने टेबलावर चढवायला गेलो. त्याच्या खोक्यावर दोन माणसं दोन बाजूंनी मॉनिटर उचलताहेत असं चित्र छापलंय, आणि शेजारी एकटा उचलणारा माणूस काट मारून दाखवलाय. तो काट मारलेला माणूस मी. गरम पाण्याची पिशवी लावून हे लिहितोय.

आणि डब्याची मी वाट लावली, तेही सांगून टाकतो. तुला तो द्यायचाच तर नीट करून द्यावा, असं डोक्यात आलं. अक्षरांच्या कडेला लाल सावली पडत होती. मागे काचेच्या नळीच्या मानेवर त्या चुंबकाच्या चकत्या असतात ना, त्या फिरवून सावली घालवायची. हे काम दोघांचं. मी मागे बसायचो, तू समोर. मी चकती फिरवत विचारायचो, आता? तू म्हणायचास, अजून. आता? थोडं मागे. आता? बस. आता तुझा पत्ता नाही, तर समोर वहिनीचा आरसा उभा केला. आरशात बघून सावली कुठल्या बाजूला आहे ते ठरवलं, पुस्तकात त्या बाजूला जी चकती सांगितलीय ती फिरवली. सावली वाढली. आणखी फिरवली. आणखी वाढली. मग अर्ध्या तासाने ट्यूब पेटली की आरशात डावं ते उजवं दिसतं. तेवीस वर्षं हा धंदा करतोय मी! बरं, चकतीला हात लावण्याआधी रंगाने खूण करायची, हा पहिल्या दिवशीचा धडा. तुलाही मीच शिकवला होता. खूणही केली नव्हती. आता एका अक्षराची तीन दिसतात, लाल, हिरवं, निळं, तिघं भावंडं भांडून वेगळी झाल्यासारखी.

वहिनीला विचारलं, समोर बसून सांगतेस का? ती बसली. मी म्हटलं, आता? ती म्हणाली, छान आहे. मी काही फिरवलंच नव्हतं.

दुकानात हल्ली डब्याची चौकशी करणारे बरेच येतात. काचेचा पडदा म्हणजे अमृत, असं कुठेतरी वाचून आलेले. परवाचा एक मला शिकवत होता की नव्या पडद्यावर गेम खेळणं म्हणजे पाप. मी म्हटलं, बाबा रे, जरा दमाने घे. आताचे चांगले मॉनिटर चपळ आहेत, डब्याच्या मागोमाग पळतात, वजनाला हलके, वीज कमी खातात, आणि उचलताना कंबर जात नाही. जुने गेम डब्यावर उठून दिसतात हे मान्य. ते त्याच्यासाठीच काढलेले होते. ती नेम धरायची बंदूक सपाट पडद्यावर चालतच नाही, हेही मान्य. पण काच आहे म्हणून पूजा कसली करायची? त्याला माझं पटलं नाही. पाच मिनिटांनी दुसरा आला, तो म्हणाला, असला कचरा ठेवता कशाला? त्याच्याशीही भांडलो. जावई म्हणाले, तुमचं नक्की म्हणणं काय आहे ते एकदा ठरवा.

मुळात वाईट होते ते मधल्या काळातले टीव्ही. दिसायला चकाचक आणि चालायला गोगलगाय. मालकांचा तो टीव्ही तसाच. त्या मुख्याध्यापिका बाईंची तक्रार आली होती तेव्हाच मी म्हटलं होतं की ह्यात काहीतरी गोम आहे. असो. तो विषय वेगळा.

डब्याचं काय करायचं, एवढं तरी लिही. वीस दिवस उरलेत.

दादा

१६ मार्च

बारक्या,

मागच्या पत्रात मी मुख्याध्यापिका बाईंचा विषय काढला आणि तो वेगळा आहे म्हणून लिहिलं. पत्र पेटीत टाकल्यावर हात आत घालून ते परत काढायचा प्रयत्न केला. मनगट सोलवटलं. तुझ्यासारखा माणूस ते वाक्य बरोबर हेरणार. तेव्हा आता सांगतोच, आणि मध्ये थांबलो तर पुन्हा सांगवणार नाही, म्हणून एका दमात सांगतो.

स्पर्धा दुकानातच होती, मालकांच्या डोक्यातून निघालेली. नव्या टीव्हीची जाहिरात व्हावी म्हणून. टीव्ही लावायचं काम माझं, आणि माइकही माझ्याच हातात. मालक म्हणाले होते की चित्र असं दिसलं पाहिजे की रस्त्यावरचा माणूस आत आला पाहिजे. मी आतली सगळी सजावट चालू केली. रंग गडद, कडा धारदार, हालचाल लोण्यासारखी. त्याच यादीत खाली गेमसाठी एक साधी सोय होती. ती चालू केली की सजावट बंद होते आणि चित्र फिकट दिसतं. मी ती वाचली आणि पुढे गेलो. मालकांनी पाठ थोपटली. त्याच महिन्यात मला मुख्य कारागीर करायचं चाललं होतं, हे तुला माहीत होतं की नाही कोण जाणे.

फायनलच्या आधी तू दोन मिनिटं हात गरम करायला बसलास आणि उठून माझ्याकडे आलास. तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "दादा, हा मागे राहतोय. आपला डबा लाव."

डबा घरी, पाच मिनिटांवर. हातगाडी दारात. लोक खुर्च्यांवर बसलेले, मालक बघताहेत. मी माइक बंदसुद्धा न करता म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं." सगळे हसले. तूही थोडासा हसलास.

मग तू हरलास. आपल्या ओळखीचा तो हातोडा, तुझाच वर्गमित्र, जो नुसती बटणं बडवायचा, त्याच्याकडून. आता मला कळतं की त्याला टीव्ही मागे असला काय नि पुढे असला काय, सारखंच होतं. तो समोरच्याचं बघून खेळतच नव्हता. बघून खेळणारा तू होतास, म्हणून मार तुला बसला. सात पलटवार चुकले तुझे. घरी डब्यावर दहातले नऊ लागायचे. चार वर्षं मी तुला शिकवलं होतं, आणि बाहेरगावच्या पुढच्या फेरीचं तिकीट त्याला द्यायची वेळ माझ्यावर आली. माझा ताबा सुटला, असं मी आजवर म्हणत आलो. खरं म्हणजे सुटला नव्हता. मी विचार करून बोललो. माइकवर म्हणालो की हा मित्रासाठी मुद्दाम हरला.

दोन महिन्यांनी मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांच्याकडे तसाच टीव्ही होता. बातम्या देणाऱ्याचे ओठ आधी हलतात की आवाज आधी येतो, ह्यावरून त्यांच्या घरात वाद चालला होता. मी जाऊन बघितलं. आवाज वेळेवर येत होता, चित्र मागून. सजावट बंद केली, ओठ आणि आवाज जुळले. बाई खूश झाल्या, मला सरबत दिलं. मी पेला हातात धरून त्यांच्या कोचावर बसलो होतो आणि मला कळलं. तेव्हा कळलं, बारक्या. गेल्या आठवड्यात नाही. दहा वर्षं आणि दहा महिने मला माहीत आहे. फोटोचा प्रयोग मी केला तो फक्त आकडा काढायला, म्हणजे पत्रात काहीतरी नवीन सांगतोय असं वाटावं.

घर सोडून तू मामाकडे गेला होतास, तेव्हा अजून तिथेच होतास. दुसऱ्या दिवशी बस पकडून आलो असतो तर संपलं असतं. पण मुख्य कारागीर होऊन मला तीन आठवडे झाले होते, आणि टीव्ही चुकीचा लावला हे कुणाला सांगायचं? मग तू आणखी लांब गेलास, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागलास. मी मनाशी म्हटलं, बरं चाललंय त्याचं, कशाला जुनं उकरा.

अंगण वाकडंच होतं. मीच वाकडं करून ठेवलं होतं.

माफ कर म्हणायला लाज वाटते. तरी म्हणतो.

दादा

२० मार्च

(चष्म्याच्या दुकानाच्या चिठ्ठीवर)

दादा,

माइकवर बोललास आणि कबुली पाकिटात घालून पाठवलीस.

आईला सांगितलंस का? आणि त्याला?

२५ मार्च

बारक्या,

सांगितलं. दोघांनाही.

आधी त्याच्याकडे गेलो, कारण आईकडे जायची छाती होत नव्हती. हातोडा हल्ली लोकांना गाडी शिकवतो. चौकात गाठला. गाडी सुरू, स्टिअरिंगवर एक बाई, घामाघूम झालेल्या, आणि हा शेजारी. मी खिडकीत वाकून सगळं सांगून टाकलं, यादी, सजावट, मुख्याध्यापिका, सगळं. मागे हॉर्न वाजत होते. त्याने ऐकून घेतलं. मग सांगितलं की तो पुढच्या फेरीला गेलाच नव्हता. ज्याला त्याला वाटत होतं की तू सामना त्याला सोडून दिलास, मग कुठल्या तोंडाने जाणार? ते तिकीट त्याने फाडून टाकलं होतं. तुला दोनदा फोन केला होता म्हणे. तू उचलला नाहीस, तेव्हा त्यालाही शंका आली की तू खरंच मुद्दाम हरलास की काय. म्हणजे मी एका वाक्यात दोघांचं वाटोळं केलं आणि तुमची दोस्तीही मोडली. शेवटी तो त्या बाईंना म्हणाला, "चला, गिअर टाका." माझ्याकडे बघितलं नाही. मी मागे सरलो. चाक माझ्या पायावरून जाता जाता राहिलं.

मग आई. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सांगत गेलो, ती घालत गेली. सांगून झाल्यावर टॉवेल हातातच धरून बसली. मला वाटलं रागावेल. ती रागावली नाही. म्हणाली, "दर वाढदिवसाला मी त्याला फोनवर सांगत आले, की मुद्दाम हरलास, दादाची माफी माग. अकरा वर्षं. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, बघू गं आई."

बारक्या, हे मला माहीत नव्हतं. शप्पथ, हे खरंच माहीत नव्हतं. तू एकदाही तिला म्हणाला नाहीस की टीव्ही मागे होता? एकदाही म्हणाला नाहीस की मी दादाला आधीच सांगितलं होतं? का रे? म्हणाला असतास तर मी निदान भांडलो असतो. आता कुणाशी भांडू?

आई माझ्याशी बोलत नाही. जे सांगायचं ते तुझ्या वहिनीमार्फत कळवते. निरोप पोचवायची नोकरी आता वहिनीला लागली आहे, आणि ती पदरचे दोन शब्द घालूनच पोचवते. काल निरोप आला की मुलाचा पत्ता चोरायची गरज नव्हती, मागितला असता तर दिला असता.

डब्याचं काय करू, हे विचारायला आता तोंड नाही. एकतीसला भंगारवाला येतोय. त्या सपाट टीव्हीला मी स्वतः उचलून त्याच्या गाडीत टाकणार आहे, तो हलका आहे. डबा टेबलावर आहे. अजून एकाची तीन अक्षरं दिसतात. रोज आरसा लावून बसतो आणि रोज थोडा आणखी बिघडवतो. काल जावई दारातून बघत होते. म्हणाले, सोडा ना आता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही दार लावून घ्या.

येऊ नकोस म्हणालास तरी चालेल. पण म्हण काहीतरी.

दादा

२८ मार्च

(चष्म्याच्या दुकानाच्या चिठ्ठीवर)

दादा,

काल त्याचा फोन आला, मी उचलला. मग आईचाही आला, ती नुसती रडत होती.

मी तिला का सांगितलं नाही, ते विचारलंस. मला वाटत होतं तू सांगशील. पहिल्या वर्षी वाटलं, दुसऱ्या वर्षी वाटलं. नंतर मी सांगितलं असतं तर तू कधी सांगणार होतास की नाही, हे मला कळलंच नसतं.

राग गेलेला नाही. तो घेऊनच येतोय, रविवारी, सकाळच्या गाडीने. मी इथे दिवसभर लोकांना विचारतो, आता नीट दिसतंय का? मला अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही.

डबा भंगारात द्यायचा नाही. तो मी नेणार. तोवर त्याला हात लावू नकोस, खोक्यावरचं चित्र बघ. चकत्यांना तर अजिबात लावू नकोस. आरसा वहिनीला परत दे. समोर मी बसतो.

आणि नीट झाल्यावर एक डाव खेळायचा. हरलास तर अंगणाला नावं ठेवायची नाहीत.